एलॉयची गाडी ट्रेलरवर जाणार नाही

एलॉय गेला तो रविवारी, मिरच्यांच्या वाफ्यांना पाटाचं पाणी सोडता सोडता. फावडं हातात तसंच होतं. ऑर्लिंडा धावत गेली, त्याला हाका मारल्या, गदागदा हलवलं, शेजाऱ्यांना ओरडून बोलावलं. आणि शेजारी कुंपण ओलांडून येईपर्यंत तिने काय केलं असेल, तर पाटाची फळी खाली टाकून पाणी अडवलं. यावरून लोकांनी नंतर पुष्कळ नाकं मुरडली. नवरा आडवा पडलाय आणि ही बाई पाणी अडवते! पण ऑर्लिंडाला जे ओळखतात, त्यांना यात काही नवल वाटलं नाही. पाणी तसंच सोडलं असतं तर मिरच्या कुजल्या असत्या, आणि कुजल्या असत्या तर सगळ्यात आधी एलॉयनेच बोंब मारली असती.

आता एलॉयच्या गाडीचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा तमाशा तिच्यापायी झाला. एलॉयच्याच वयाची गाडी. लांबलचक, जांभळी, बॉनेटवर ग्वादालुपेची माउली रंगवलेली, आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. डिकीत बॅटऱ्या आणि पंप. बटण दाबलं की गाडी खाली बसायची, परत दाबलं की उठायची. एलॉयने सगळी हयात लोकांच्या गाड्या रंगवण्यात घालवली, आणि उरलेली सगळी या एका गाडीत. एस्पन्योलाच्या खोऱ्यात गाडी पळवणाऱ्याला कुणी हिंग लावून विचारत नाही. पळवायला काय, कुणालाही येतं. इथे गाडी खाली आणि चाल सावकाश हवी. शेजारून एखादी म्हातारी चालत पुढे गेली तरी बिघडत नाही. उलट तिने वळून बघितलं तर जिंकलं. आणि इथे एखाद्याला शिवी द्यायची असेल तर आई-बाप काढायची गरज नाही. त्याच्या गाडीला नुसतं ‘ट्रेलरवरची राणी’ म्हणायचं. म्हणजे दिसायला देखणी, पण स्वतःच्या चाकांवर चार पावलं चालत नाही, मिरवायला ट्रेलरवर चढवून न्यावी लागते. एलॉयच्या तोंडात ही शिवी चोवीस तास असायची.

आणि गंमत बघा, सावकाश चालणं हेच त्याच्या गाडीला सोसत नव्हतं. अल्बुकर्कीला मोठ्या रस्त्याने भरधाव न्या, इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलायचा नाही. पण संध्याकाळी रिव्हरसाइड रस्त्यावर, सगळ्या खोऱ्यासमोर, डौलात चालवायची वेळ आली की काटा चढायला लागायचा. मग एलॉय काय करायचा? हीटर लावायचा. भर उन्हाळ्यात. हीटर म्हणजे इंजिनाचीच ऊब आत ओढून घ्यायची. इंजिनाला तेवढाच आराम. आणि ती ऊब यायची कुणाच्या पायांवर? शेजारी नटून, केस बसवून, चांगला झगा घालून बसलेल्या बायकोच्या.

“एलॉय, अरे पाय भाजले माझे!”

“खिडकी उघड ना.”

“उघडीच आहे!”

“मग हस जरा. लोक बघतायत.”

तेवढ्यानेही भागलं नाही की तो गाडी बाजूला घ्यायचा, बॉनेट उघडायचा आणि ऐटीत कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. आत सगळं चकाचक. पंखा तर असा झगझगीत की त्यात बघून दाढी करावी. लोक जमायचे, वा वा करायचे. त्यांना वाटायचं, एलॉय दर्शन देतोय. प्रत्यक्षात हा गडी इंजिन थंड व्हायची वाट बघत असायचा, आणि हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक तो आणि दुसरी पाय भाजलेली ऑर्लिंडा.

गाडीला तिने हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. बॅटरी धर, पाना दे, तो नव्हे दुसरा दे, एवढीच तिची चाकरी. बरं, बाई कोण? शाळेची पिवळी बस चालवणारी. हिवाळ्यात बर्फ पडलेला असताना बसभर पोरं घेऊन ट्रूचासचा घाट उतरणारी. एकदा तिने विचारलंही, “मी चालवून बघू का रे कधी?” तर हा म्हणाला, “बस वेगळी गं. ही नाजूक आहे.” ऑर्लिंडाने पुन्हा विचारलं नाही. पण विसरलीही नाही.

सोमवारी बेलार्मिनो आला. एलॉयचा धाकटा भाऊ, खोऱ्यातल्या बुटक्या गाड्यांच्या क्लबचा अध्यक्ष, आणि धंदा बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचा. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते, तरी समोर ठेवलेला बरीटो त्याने सोडला नाही. दोन घास गिळून म्हणाला, “वहिनी, शनिवारचं ठरवलंय आम्ही. दादाची गाडी सगळ्यात पुढे राहील, तिच्या मागे शवपेटीची गाडी आणि मागे आख्खा क्लब. तुम्ही कसली काळजी करू नका. मी माझा मोठा ट्रेलर धुऊन आणतो.”

“ट्रेलर कशाला?”

“गाडी चढवायला. फुलंबिलं लावू, छान दिसेल.”

ऑर्लिंडाने हातातलं फडकं खाली ठेवलं. “एलॉयची गाडी? ट्रेलरवर?”

“वहिनी, जरा डोकं शांत ठेवून ऐका. चर्चपासून दफनभूमीपर्यंत पायी चालायच्या वेगाने जायचं. भर दुपारी, आणि शेवटी तो चढ. ती गाडी अर्ध्या वाटेत वाफा सोडणार. दादा मागे पेटीत अडकून पडेल, आणि सगळं खोरं बघत बसेल. बरं दिसेल का ते?”

बेलार्मिनो खोटं बोलत नव्हता. हेच तर दुखणं होतं. पण ऑर्लिंडाचा पारा चढला तो चढलाच.

“जन्मभर तो ट्रेलरवाल्यांना हसला, आणि त्याच्या मातीला त्याचीच गाडी ट्रेलरवर चढवायची? उठून बसेल पेटीत! गाडी चालत जाईल.”

“चालवणार कोण?”

“मी.”

बेलार्मिनोने बरीटो खाली ठेवला. “तुम्ही?”

“का? माझे हात गळून पडलेत? अजून बरेच दिवस आहेत. मी दुरुस्त करते.”

“दादाला उभ्या जन्मात जमलं नाही ते तुम्ही शनिवारच्या आत करणार?”

“हो,” ऑर्लिंडा म्हणाली, “आणि तुझा ट्रेलर माझ्या दारात दिसला ना, तर त्याची चारही चाकं पंक्चर करेन.”

मंगळवारी सकाळपासून भेटायला माणसं यायला लागली. कुणी एंचिलाडांचे ट्रे आणले, कुणी बिस्कोचितोंचे डबे. सगळ्यांनी तोंडं लांब केलेली, आणि विधवा कुठे आहे तर अंगणात, बॉनेटखाली, कोपरापर्यंत काळी. लोक अंगणातच थांबून तिला मिठी मारायचे आणि कपड्यांवर तेलाचे डाग घेऊन घरी जायचे.

इंजिन गार होतं तेव्हाच तिने रेडिएटरचं झाकण काढलं. हे झाकण नुसतं झाकण नसतं, आतला दाब ते धरून ठेवतं. दाब टिकला की पाणी लवकर उकळत नाही. त्यात आपलं खोरं इतक्या उंचावर, इथे पाण्याला उकळायला निमित्तच हवं. झाकण बाहेरून आरशासारखं. एलॉयने खास मागवलेलं. आतलं रबर मात्र सुकून तडकलेलं, जुन्या चपलेच्या टाचेसारखं. ऑर्लिंडाने ते ओट्यावर आपटलं. “बाहेरून देखणा, आतून भेगाळलेला. शोभतोस हो मालकाला!” दुकानातून तिने साधं, बोजड, काळपट झाकण आणलं आणि लावलं. पंखा फिरवणारा पट्टा बोटाने दाबून पाहिला, घट्ट होता. रबरी नळ्या पिळून पाहिल्या, ठीक होत्या. मग थर्मोस्टॅट काढला आणि स्वयंपाकघरात आणून उकळायला ठेवला.

तेवढ्यात क्लेओफेस आली. ही ऑर्लिंडाची कोमाद्रे, म्हणजे तिच्या मुलीची धर्ममाता आणि ऑर्लिंडाची सख्ख्या बहिणीहून सख्खी. ती आली की स्वयंपाकघर तिचं. शेगडीवर एकीकडे पोसोलेचं पातेलं रटरटत होतं, दुसरीकडे छोटं भांडं. तिने झाकण उचललं आणि किंचाळली.

“अगं बाई, यात काय आहे?”

“थर्मोस्टॅट.”

“लोक बाहेर जेवायला बसलेत आणि तू शेगडीवर गाडी शिजवतेस?”

“हात नको लावू. पाणी तापलं की हा उघडायला हवा. उघडला की पाणी रेडिएटरकडे जातं. आणि हा बघ, पाणी उकळायला लागलं तरी अर्धवटच तोंड उघडतोय.”

क्लेओफेसने भांड्यात डोकावून पाहिलं. “एलॉयसारखाच. विचारलं तर अर्धंच बोलायचा.” मग ती खुर्चीत बसली आणि दोघी खूप हसल्या, बाहेरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं, आणि हसता हसता क्लेओफेस रडायला लागली. ऑर्लिंडाने तिला पाणी दिलं आणि नवीन थर्मोस्टॅट आणायला निघून गेली.

बुधवारी संध्याकाळी तिने गाडी बाहेर काढली. पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसली. सीट एलॉयच्या बेताने मागे सरकवलेली होती, ती खाडकन पुढे घेतली. रिव्हरसाइडवर सगळी मंडळी नेहमीसारखी हिंडत होती. जांभळी गाडी बघून लोक फुटपाथवर उठून उभे राहिले, काहींनी टोप्या काढल्या. ऑर्लिंडाने हीटर लावला नाही. एका टोकापर्यंत काटा जागेवर राहिला. बाईचा जीव सुपाएवढा झाला. वळून परत येताना मात्र काटा सरकायला लागला. आधी थोडा, मग भराभरा. हॅम्बर्गरच्या दुकानासमोर बॉनेटच्या फटींतून वाफ फुसफुसली, आणि माउलीच्या तोंडावर धुकं आलं.

तिने इंजिन बंद केलं. माणसं धावत आली. एका उत्साही बाबाने बॉनेट उघडून झाकणाला हात घातला, तशी तिने त्याच्या मनगटावर चापट मारली. “चेहरा भाजून घ्यायचाय? गार होऊ दे आधी!” कुणी म्हणालं अंडं फोडून आत घाला, गळती बुजेल, कुणी म्हणालं मिरपूड घाला. “गळती आहे का कुठे? गळती नाहीये. सूप करायचंय का मला?” ऑर्लिंडा गरजली.

आणि मग बेलार्मिनो आलाच, ट्रेलर घेऊन. बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो. त्याने काही टोमणा मारला नाही, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

“चला वहिनी. चढवू या.”

“नाही.”

“लोक बघतायत.”

“बघू देत. बघायची सवय एलॉयनेच लावलीय त्यांना, मला बघून मरणार नाहीत.”

ती बॉनेट उघडं टाकून, कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली. अगदी एलॉयसारखी. लोकांनी चकाचक पंखा पाहिला, वा वा केलं. इंजिन गार झालं तशी तिने पाणी भरलं आणि गाडी चालवत घरी नेली. अंगणात पोचून दार लावेपर्यंत तिने ओठ दाबून धरले होते. आत गेल्यावर मात्र तिने एलॉयची टोपी खुंटीवरून काढून भिंतीवर फेकली.

गुरुवारी छापखान्यातून रोझरीची, म्हणजे मातीच्या आदल्या दिवशीच्या जपप्रार्थनेची, पत्रकं आली. चांगल्या जाड कागदावर एलॉयचा फोटो, खाली जन्ममृत्यूच्या तारखा. ऑर्लिंडा अंगणात इंजिन चालू ठेवून विचार करत उभी होती, आणि पत्रकांचा गठ्ठा तिच्या हातात होता. गाडी पळाली की थंड, रांगली की गरम. म्हणजे पाणी फिरतंय. खोट पाण्यात नाही, वाऱ्यात आहे. पळताना वारा आपोआप येतो. रांगताना तो पंख्यानेच ओढायचा असतो. पंखा ओढतोय की नाही हे बसच्या डेपोत कसं बघतात? रेडिएटरसमोर कागद धरतात. पंख्याने ओढला तर कागद चिकटून बसतो.

हातात दुसरा कागद नव्हता. तिने एलॉयलाच धरलं.

रेडिएटरच्या मधोमध एलॉय टपकन चिकटला आणि तिच्याकडे बघत हसत राहिला. तिने त्याला वरच्या कोपऱ्यात सरकवलं, तर घसरून धुळीत पडला. दुसऱ्या कोपऱ्यात लावलं, पुन्हा पडला. खाली लावलं तरी तेच.

“ऊठ,” ती त्याला म्हणाली. “लाज नाही वाटत, सारखा पडतोस?”

म्हणजे पंखा फक्त मधली हवा ओढत होता. बाकी रेडिएटर नुसता शोभेला. पण असं का? ती तडक डेपोत गेली आणि आपल्या बसचं बॉनेट उघडलं. पंख्याभोवती भलं मोठं काळं कडं. याच्यामुळे तर पट्टा बदलताना दर वेळी बोटं सोलून निघायची. त्या कड्याला तिने किती शिव्या घातल्या होत्या! पण कडं असतं म्हणून पंखा इकडची तिकडची हवा न ओढता सगळी रेडिएटरमधून ओढतो. बसला कडं आहे. मग आमच्या राणीला का नाही?

घरी येऊन तिने रेडिएटरची चौकट बोटांनी चाचपली. चार कोपऱ्यांवर चार भोकं, आणि प्रत्येकात एलॉयने चमकणारा छोटा स्क्रू बसवलेला. शोभेसाठी. मग तिला आठवलं. लग्नाच्या सुरुवातीचा काळ, अल्बुकर्कीची पहिली स्पर्धा, आणि एलॉय बॉनेटखालून वैतागून बाहेर आलेला. “कसला हा बेढब डबा गं. एवढा पंखा चमकवला, दिसतच नाही!” त्याने तो डबा काढला आणि स्पर्धेत करंडक मिळाला. मग कशाला परत बसवतोय? आणि काढलेला डबा कुठे गेला? एलॉय कधी काही फेकत नसे. ऑर्लिंडा मात्र घरात अडगळ झाली की तिचा काहीतरी उपयोग शोधायची.

ती धावतच कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेली.

खुराड्याच्या कोपऱ्यात, काळ्या पत्र्याच्या गोल कड्यात, पेंढ्यावर तिची तांबडी कोंबडी फुगून बसली होती. किती वर्षं रोज सकाळी ऑर्लिंडा त्याच कड्यात हात घालून अंडी काढत आली होती. हे काय आहे असं तिने कधी एलॉयला विचारलं नव्हतं, आणि कोंबड्यांना बसायला काय दिलंय ते बघायला एलॉय कधी खुराड्यात आला नव्हता.

“हूस! ऊठ माझे आई!” कोंबडीने चोच मारली. ऑर्लिंडाने तिला दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं आणि पेंढा उपसला. मग तिथेच खाली बसली, कडं मांडीवर घेऊन, आणि रविवारपासून पहिल्यांदा रडली.

“एवढ्यासाठी?” ती म्हणाली. “एक पंखा दिसावा म्हणून? एवढ्यासाठी माझे पाय भाजलेस, एलॉय? सगळ्या उन्हाळ्यांत? आणि मी हसत बसले, लोक बघतायत म्हणून!” तिला त्याचा इतका राग आला होता की समोर असता तर तेच कडं त्याच्या डोक्यात घातलं असतं. समोर नव्हता म्हणून आणखी राग आला. कोंबड्या जरा लांब उभ्या राहून ऐकत होत्या.

मग तिने डोळे पुसले, कडं नळाखाली धरून घासलं, आणि बसवायला घेतलं. पंखा काढावा लागला, कडं आत सरकवून पंखा परत लावावा लागला, बोटं सोलली, एक नख गेलं. चारही चमकते स्क्रू काढून तिने कोंबड्यांच्या दिशेने भिरकावले आणि जागी साधे बोल्ट आवळले. रंग द्यायला वेळ नव्हता आणि इच्छाही नव्हती. इंजिन चालू केलं. एलॉयला वरच्या कोपऱ्यात लावलं.

चिकटला. खालच्या कोपऱ्यात लावलं, तिथेही चिकटला. ती मागे सरून बघत राहिली, तरी पडला नाही.

शुक्रवारी रोझरीच्या आधी बेलार्मिनो आला आणि बॉनेट उघडून त्याने डोक्याला हात लावला. “वहिनी! हे काय केलंत? दादाचा पंखा झाकून टाकलात! आख्ख्या राज्यात असा पंखा नव्हता!”

“नव्हताच. बाकीच्यांच्या गाड्या चालतात.”

“पण हे असलं गंजकं... कोंबडीचा वास येतोय याला!”

“येऊ दे. बॉनेट उघडायचं नाही कुणी, म्हणजे वासही येणार नाही. उद्या दर्शन नाही, बेलार्मिनो. उद्या चालायचं.”

त्याने तिच्याकडे बघितलं, सोललेल्या बोटांकडे बघितलं. “ट्रेलर मात्र मी सगळ्यात मागून आणणार, वहिनी. रिकामा. दादा रस्त्यात अडकायला नको.”

“आण. मागून आण. माझ्या आरशात मात्र दिसू देऊ नकोस.”

शनिवारचं ऊन भयंकर होतं. चर्चमधली मिस्सा संपली, पेटी मागच्या गाडीत ठेवली. ऑर्लिंडा काळा झगा घालून स्टिअरिंगवर बसली. शेजारी डेन्व्हरहून आलेली तिची मुलगी जनेल. समोर जाळीच्या आत, रेडिएटरवर, एलॉयचा फोटो चिकटलेला. फादरनी तो बघितला आणि शवपेटीच्या गाडीकडे वळले. गाडीने पोट जमिनीलगत आणलं आणि निघाली. मागे शवपेटीची गाडी, मागे क्लबच्या झाडून सगळ्या गाड्या, आणि अगदी शेवटी बेलार्मिनोचा धुतलेला, रिकामा ट्रेलर.

पायी चालणारे गाडीच्या पुढे निघून जात होते, इतकी सावकाश. पुलापाशी आल्यावर जनेलचा हात लहानपणापासूनच्या सवयीने हीटरच्या बटणाकडे गेला. ऑर्लिंडाने तिच्या हातावर फट्‌दिशी मारलं.

“आई, काटा बघ ना!”

“बघितला. जागेवर आहे.”

“मग मी काय करू?”

“काही नको करू. आरामात बस. माझ्या आयुष्यात मला कुणी असं बसू दिलं नाही.”

चढ लागला. ऑर्लिंडाचे डोळे काट्यावर. आता चढणार, आता चढणार, असं तिला दर वळणाला वाटायचं. काटा केसभर हलला. थांबला. परत जागेवर आला. रस्त्याच्या कडेला माणसं टोप्या काढून उभी होती, म्हाताऱ्या छातीवर क्रुसाची खूण करत होत्या, आणि जांभळी गाडी त्यांच्यासमोरून वाफेचा एक थेंब न सोडता रांगत गेली. शेवटच्या वळणावर ऑर्लिंडाने आरशात बघितलं. ट्रेलर अजून मागे येत होता. तिने खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या दिशेने जोरात हलवला, जा म्हणून. जनेल “आई, अगं मयत आहे!” म्हणत राहिली.

दफनभूमीत तिने गाडी खड्ड्यासमोर आणून उभी केली, बटण दाबून पुढचं तोंड खाली वाकवलं, आणि दार उघडून उतरली. इंजिन तसंच गुरगुरत राहिलं. पेटी आणली. लोक गोळा झाले. फादरनी पुस्तक उघडलं, दोन शब्द वाचले आणि थांबले. बेलार्मिनो तिच्याकडे येऊन कुजबुजला, “वहिनी, इंजिन बंद करा. झालं ना आता. पोचलो आपण. तुम्ही जिंकलात.”

“बंद होणार नाही.”

“अहो, प्रार्थना ऐकू येत नाहीये!”

मग फादर स्वतः आले, हळू आवाजात म्हणाले, “ऑर्लिंडा, तुझं दुःख मी समजू शकतो. पण जरा वेळ शांतता हवी, बाळ.”

“फादर, हा माणूस जन्मभर दर थोड्या वेळाने गाडी बंद करून उभा राहिला,” ऑर्लिंडा म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो चढल्याचं तिला बरं वाटत होतं. “आज त्याच्यासमोर गाडी बंद होणार नाही. भर उन्हात, उभ्या जागी, चालू राहील. त्याला बघू दे, त्याचा पंखा झाकला की काय होतं ते!”

“पण पोरी, आता गेला तो.”

“गेला नाही. तो बघा कुठे आहे.” तिने जाळीकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एलॉय चिकटून बसला होता आणि हसत होता. “इंजिन बंद केलं तर पडेल ना तो,” ऑर्लिंडा म्हणाली, आणि तिचा आवाज तिथे एकदम फुटला. “नाही पाडणार मी त्याला. तुम्ही जरा मोठ्याने वाचा.”

बेलार्मिनोने टोपी काढून तोंडावर धरली, आणि टोपीआडून त्याचे खांदे हलताना सगळ्यांना दिसले. फादर परत खड्ड्यापाशी गेले, घसा साफ केला, आणि इंजिनावर आवाज चढवून पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.